हेमलताबाई वकील शोधतात

भीमाचार्य वकिलांचं ऑफिस बेंगळुरूच्या गांधीनगरात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना चढून येणारा माणूस आधीच धापा टाकत असतो, आणि त्यात तो दिवाळखोरीचा अर्ज करायला आलेला असला तर त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. म्हणून हेमलताबाई त्याला आधी बाकावर बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि पंखा एकानं वाढवायच्या. वकीलसाहेबांना कोर्टातून यायला दुपार व्हायची. तोवर टाइप करता करता हेमलताबाईच त्याच्या निम्म्या शंका निकालात काढायच्या.

बावीस वर्षं त्या तिथं टायपिस्ट होत्या. माणसं बदलायची, प्रश्न तेच.

"जेलमध्ये टाकतील का, अक्का?"

"कर्ज फिटलं नाही म्हणून कोणी टाकत नाही. पण कुणाला चेक दिलाय आणि तो परत आलाय, असं असलं तर ती केस वेगळी. ती या अर्जानं थांबत नाही."

"बायकोचं मंगळसूत्र?"

"त्याला कोणी हात लावत नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, तीही तुमचीच राहतात."

"किती देणं असलं म्हणजे अर्ज करता येतो?"

इथं त्या मुद्दाम कीबोर्डवरून हात काढायच्या. "पाचशे रुपये."

समोरचा बघतच राहायचा. तो बेचाळीस लाखांत बुडालेला असायचा. "कायदा एकोणीसशे वीसचा आहे," त्या समजवायच्या. "तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी नवा केलाय, पण तो भाग अजून लागू झालेला नाही. तेव्हा पाचशे."

शेवटचा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारायचे. लोकांना कळेल का? त्यावर हेमलताबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, आजार झाला की डॉक्टरकडे जातो, तसंच हे. हे वाक्य त्यांनी हजार वेळा तरी म्हटलं असेल, आणि दर वेळी मनापासून.

मग त्यांच्याच घरात तो आजार आला.

झालं असं, की त्यांचे यजमान पद्मनाभ एका कंपनीतल्या स्टोअरकीपरच्या नोकरीतून वेळेआधीच बाहेर पडले होते. माणूस हसतमुख, हाताला चव असलेला आणि डोक्यात सदानकदा एखादी योजना घोळवणारा. दोन हजार एकोणीसच्या दिवाळीत त्यांनी कोरमंगलात तीन मजली इमारत भाड्यानं घेतली आणि मुलींसाठी पीजी काढलं. छत्तीस खाटा, छत्तीस गाद्या, छत्तीस बादल्या. पुण्या-नागपूरच्या आयटीतल्या मुली घरचं जेवण मिळतं म्हणून रांग लावू लागल्या. कर्ज मात्र हेमलताबाईंच्या नावावर, कारण पगाराची स्लिप त्यांच्याकडे होती आणि बायकांना व्याज अर्धा टक्का कमी पडत होतं. त्या अर्ध्या टक्क्याचं पद्मनाभांना फार कौतुक होतं.

पुढच्या मार्चात चार दिवसांत सगळ्या मुली बॅगा उचलून आपापल्या गावी गेल्या. बादल्या राहिल्या.

इमारतीच्या मालकानं भाडं काही सोडलं नाही. वर्षभरानं पीजी पुन्हा उघडलं, अर्धं भरलं. ते भरतंय न भरतंय तोच शेजारी जिम असलेलं नवं पीजी आलं. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्याचा हप्ता भरायला मोबाइलवरच्या ॲपचं तिसरं, असं करत तीन वर्षं काढली आणि दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये दाराला कुलूप लावलं. तोवर देणं सत्तावीस लाखांवर गेलं होतं.

ऑफिसात यातलं कोणाला काही माहीत नव्हतं. वसुलीवाल्यांचे फोन यायचे ते मोबाइलवर, आणि मोबाइल पर्समध्ये गप्प करून ठेवलेला असायचा. पण एका मंगळवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. हेमलताबाईंनी सवयीनं उचलला.

"हेमलता मॅडम आहेत का?" पलीकडचा आवाज फायनान्स कंपनीचा. त्यांनी तो ओळखला.

"मॅडम कोर्टात गेल्यात," हेमलताबाई म्हणाल्या. "कधी येतील सांगता येत नाही."

त्यांनी फोन ठेवला. बाकावर बसलेल्या माणसानं तेवढ्यात मंगळसूत्राचं विचारलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मालमत्तेच्या यादीत लिहा." त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. बावीस वर्षांतलं पहिलं चुकीचं उत्तर! त्यांनी जीभ चावली, उत्तर सुधारलं, त्याला आणखी एक ग्लास पाणी दिलं, आणि मनाशी ठरवलं की आता पुरे.

"अहो, अर्ज करू या," घरी आल्या आल्या त्या पद्मनाभांना म्हणाल्या.

"कसला?"

"दिवाळखोरीचा."

पद्मनाभ हुळी, म्हणजे चिंचेची आमटी, ढवळत होते. त्यांनी गॅस बारीक केला. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "तुझे सर आहेतच की."

"सरांकडे नाही जायचं."

"का गं? बेंगळुरूत ही कामं करणारे दहा वकील नसतील. त्यातले एक तुझ्या टेबलाच्या पलीकडे बसतात."

का, ते हेमलताबाईंना नीट सांगता येईना. इतरांना त्या लाजू नका म्हणायच्या, ते वाक्य स्वतःला म्हणून बघितलं तर खोटं वाटत होतं. एवढंच त्यांना कळलं होतं.

वकील शोधणं ही गोष्ट बोलायला सोपी. वकिलांना जाहिरात करता येत नाही. काळ्या कोटावर कुठल्या कामाचा वकील ते लिहिलेलं नसतं. हेमलताबाईंना ज्यांची नावं ठाऊक होती ते सगळे भीमाचार्यांना ओळखत होते. तेव्हा त्यांनी इतर लोक करतात तेच केलं. मोबाइलवर शोधलं.

पहिलंच नाव आलं ते कोरमंगलातल्या एका कर्जमुक्ती सल्लागाराचं. काचेचं दार, आत बसायला भाताच्या पोत्यासारख्या मऊ पिशव्या. सल्लागार ध्रुव नावाचा, पुण्याचा, वय तीस. हेमलताबाई त्या पिशवीत बसल्या त्या गुडघे नाकाला लागेपर्यंत खाली गेल्या.

"मॅडम, टेन्शन अजिबात घेऊ नका," ध्रुव म्हणाला. "आपण सगळं सेटल करू. साठ टक्के माफ, चाळीस टक्के ईझी इन्स्टॉलमेंट्स. आमची फी फक्त साठ हजार, ॲडव्हान्स."

"तुम्ही वकील आहात का?"

"आमची लीगल टीम आहे."

"अर्ज कुठल्या कोर्टात करणार?"

"ट्रिब्युनलमध्ये, ऑफकोर्स."

"तिथं कंपन्यांचं चालतं," हेमलताबाई पिशवीतून म्हणाल्या. "नाहीतर कंपनीला जामीन राहिलेल्यांचं. मी कंपनी नाही आणि जामीनही नाही. माझा अर्ज सिव्हिल कोर्टात."

ध्रुवनं लॅपटॉप अर्धा मिटला. मग पुढे झुकून, आवाज खाली आणून विचारलं, "प्रॉपर्टी काही?"

घर लीजवर आहे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मालकाला आठ लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना रक्कम परत. श्रीनगरातल्या त्या दोन खोल्यांपायी अडकलेले आठ लाख हीच हेमलताबाईंची सगळी संपत्ती.

"मग ते ॲग्रीमेंट आधी मुलाबाळांच्या नावावर करून टाका ना. सिंपल."

"अर्जाच्या आधी दोन वर्षांत असं काही फुकट दुसऱ्याच्या नावावर केलं, तर कोर्टानं मालमत्तेवर नेमलेला रिसीव्हर ते रद्द करून घेतो. वर कोर्टाला वाटतं बाई लबाड आहे. मग कर्जातून सुटका लांबते."

ध्रुवनं लॅपटॉप पूर्ण मिटला. "मॅडम, तुम्ही स्वतः लॉयर आहात का?"

"टायपिस्ट."

"आमच्याकडे जॉइन व्हाल?" तो खरंच मनापासून विचारत होता. "क्लायंट्सना एवढं क्लिअर कोणीच सांगत नाही."

पिशवीतून उठायला त्यानंच हात दिला. पुढे कित्येक दिवस हेमलताबाईंना ही गोष्ट आठवली की हसू यायचं. हातात काही नव्हतं, पण नोकरीची मागणी मात्र आली होती.

मग त्या बसनं आनेकलला गेल्या. तिथल्या एका जुन्या वकिलाचं नाव त्यांनी कुठल्याशा निकालपत्रात टाइप केलं होतं. एवढ्या लांब आपल्याला कोण ओळखणार, असा हिशोब. वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भीमाचार्यांच्या ऑफिसातल्या ना तुम्ही? काय निरोप पाठवलाय त्यांनी?"

"नमस्कार सांगितलाय," असं म्हणून हेमलताबाई तडक बसस्टँडवर आल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी विचार केला, की आपण वकील शोधतोय की लपायला जागा? जी माणसं हे काम करतात ती आपल्याला ओळखणारच. मग ओळखणाऱ्यांतलं नेमकं कोण, एवढाच प्रश्न. आणि त्यांना भार्गवी आठवली.

चार वर्षांपूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात एक नवीन वकील मुलगी अर्ज परत आला म्हणून भिंतीला टेकून उभी होती. पहिलीच केस. घेणेकऱ्यांचे पत्ते अर्धवट, सत्यापनाखाली सही नाही. हेमलताबाईंनी तिला तिथंच चांगली फैलावर घेतली होती, आणि मग ऑफिसात नेऊन सगळा अर्ज पुन्हा टाइप करून दिला होता. ती हेब्बाळला राहायची. घरी मराठीच बोलणारी, इथल्याच जुन्या कुटुंबातली.

भार्गवीनं दार उघडलं. "अक्का! तुम्ही?" मग त्यांच्या हातातली फाइल पाहिली आणि पुढचं काही विचारलं नाही. खुर्ची ओढून दिली.

हेमलताबाईंनी फाइल उघडली आणि घडाघडा सुरू झाल्या. अर्जाचं कलम, घेणेकऱ्यांची यादी, कुठली कागदपत्रं जोडलीत, कुठली जोडायचीत. भार्गवीनं पाचेक मिनिटं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"अक्का, हे मला माहीत आहे. तुम्हीच शिकवलंय. टायपिस्टनं बोलायचं ते झालं. आता ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांनी बोलावं. तुम्हाला काय विचारायचंय?"

हेमलताबाईंनी फाइल मिटली. आणि हळू आवाजात विचारलं, "लोकांना कळेल का गं?"

"कळेल," भार्गवी म्हणाली. "सगळ्या घेणेकऱ्यांना नोटीस जाईल. नाव राजपत्रात छापून येईल. पण अक्का, राजपत्र वाचतं कोण?"

"मी वाचते."

दोघी एकदमच हसल्या. हसता हसता हेमलताबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भार्गवीनं ते येऊ दिलं.

फी पंचवीस हजार ठरली. ती दोन हप्त्यांत, पण अर्ज दाखल होण्याआधी पूर्ण. "नाहीतर मीही तुमची घेणेकरी होईन आणि मलाच नोटीस पाठवावी लागेल," भार्गवी म्हणाली.

यादी हेमलताबाईंनी घरी स्वतः टाइप करून आणली. बँक, फायनान्स कंपनी, फर्निचरवाला, इमारतीचा मालक, मोबाइलचं ॲप. सहावं नाव सकवारबाई, पीजीत स्वयंपाक करणारी, तिचे चार महिन्यांच्या पगाराचे चाळीस हजार.

"हिचे पैसे मी आधीच देऊन टाकते," हेमलताबाई म्हणाल्या. "दोन बांगड्या आहेत."

 भार्गवीला काही सांगायची गरज नव्हती. अर्जाच्या तोंडावर एकाच घेणेकऱ्याला वेगळं काढून पैसे देता येत नाहीत, हे हेमलताबाई बाकावरच्या माणसांना बावीस वर्षं अगदी सहज सांगत आल्या होत्या. भावाचं आधी देऊ का? नाही. मित्राचं? नाही. बांगड्याही यादीत गेल्या.

"आणि अक्का, बेरीज जुळत नाही," भार्गवी म्हणाली. "एकूण सत्तावीस लाख लिहिलंय. नावं धरली तर सत्तर हजार कमी पडतात. सातवं कोण?"

सातवे भीमाचार्य होते. दोन हजार एकवीसमध्ये मुलगी संहिताच्या कॉलेजच्या फीसाठी हेमलताबाईंनी त्यांच्याकडून सत्तर हजारांची उचल घेतली होती. बेरीज हातानं प्रामाणिकपणे झाली होती, नाव मात्र लिहवलं नव्हतं. यादीतून एक नाव वगळलं तर ती लपवाछपवी होते. नाव घातलं, की सरांना कोर्टाची नोटीस.

"नोटीस पोचायच्या आत तुम्ही सांगा," भार्गवी म्हणाली. "दोघांनाही."

सकवारबाईला सांगणं जास्त अवघड जाईल असं त्यांना वाटलं होतं. सकवारबाई आता आनेकलजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चाळीसचे किती येतील, अक्का?"

"पंधरा आले तर नशीब. तेही वर्षभरानं."

सकवारबाईनं पोळपाटावरचं पीठ झटकलं. तिला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही. "बँकेला आणि मला एकाच मापानं मोजणार होय तुमचं कोर्ट?"  मग सकवारबाईनंच विचारलं, "मला यावं लागेल का तिथं? साडी कुठली नेसायची? आणि यजमान सध्या काय करतात? रिकामेच असतील तर इथं भाताला माणूस हवाय. त्यांचा हात चांगला आहे."

भीमाचार्यांकडे त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. अर्जाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्या राहिल्या. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश वाचत गेले, जसे कुठलाही अर्ज वाचायचे. अशिलाच्या नावावर नजर क्षणभर थांबली, पण पान उलटलं गेलं. यादीशी आल्यावर त्यांनी लाल पेन काढलं.

"रक्कम चुकलीय. सत्तर नाही, साठ. मागच्या दसऱ्याला तुम्ही दहा परत केलेत."

"हो, सर."

पेनाचं टोपण लावायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्ही घेणेकरी आहात, सर. घेणेकऱ्याला अशिलाचं वकीलपत्र कसं घेता येईल?"

"ते साठ हजार मी सोडून दिले असते."

"तेच नको होतं."

भीमाचार्यांनी मान हलवली. त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं. पण शेवटी ते म्हणाले, "मुलीनं मसुदा चांगला केलाय. सहाव्या परिच्छेदात फक्त तारीख बघायला सांगा." आणि दुपारच्या टपालाकडे वळले.

तारखेच्या दिवशी शिरस्तेदारानं पुकारा केला, "हेमलता पद्मनाभ!" आणि हेमलताबाई सवयीनं वळून अशील कुठं आहे ते शोधू लागल्या. पद्मनाभांनी कोपरानं ढोसलं तेव्हा त्या पुढे झाल्या. शिरस्तेदार त्यांना वीस वर्षं ओळखत होता, त्यानं दोनदा कागद पाहिला. फायनान्स कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली, की बाईंच्या घरी कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, तोही विकावा. भार्गवी उठली आणि म्हणाली, की टायपिस्टचा कॉम्प्युटर म्हणजे सुताराचा रंधा. न्यायाधीशांनी विचारलं, किती जुना आहे?

"अकरा वर्षांचा, साहेब," हेमलताबाई म्हणाल्या. "'र' दाबला की दोनदा उमटतो."

"राहू द्या," न्यायाधीश म्हणाले. बहुतेक त्यांनी असे दोनदा उमटलेले 'र' वाचलेले असावेत.

नऊ महिन्यांनी निकाल लागला. हेमलताबाई कायद्यानं दिवाळखोर ठरल्या. लीजचे आठ लाख आणि बांगड्या रिसीव्हरकडे गेल्या, पगारातला काही हिस्सा दर महिन्याला जाऊ लागला, आणि सुटकेच्या अर्जासाठी कोर्टानं वर्षभराची मुदत दिली. पुढे पहिल्या वाटणीच्या दिवशी सकवारबाई मोरपंखी साडी नेसून आली. तिला बारा हजार मिळाले. तिनं ते तिथंच दोनदा मोजले आणि पद्मनाभांना सांगितलं, की उद्या सहाला कँटीनला या, उशीर चालणार नाही. पद्मनाभ तिच्या हाताखाली रुजू होऊन तोवर पाच महिने झाले होते.

घर बदललं. आता ते आनेकलच्या अलीकडे एका खोलीत राहतात. हेमलताबाईंना ऑफिसला यायला बसनं दीड तास लागतो, आणि त्या वेळेत झोप छान होते, असं त्या सांगतात. मोबाइलचा आवाज त्यांनी पुन्हा मोठा केलाय. भीमाचार्यांनी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग एक दिवस आपल्या कॉफीतली अर्धी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली, आणि विषय संपला.

निकालानंतर भार्गवीनं त्यांना एक गोष्ट बजावली होती. सुटका होईपर्यंत कोणाकडून पन्नास रुपये किंवा जास्त उधार घ्यायचे असतील, तर आपण दिवाळखोर आहोत हे आधी सांगायचं. न सांगता घेतले तर गुन्हा. हे कलम हेमलताबाईंनी शेकडो वेळा टाइप केलं होतं, पण त्याचा वापर कसा होतो ते कधी पाहिलं नव्हतं.

गौरीच्या दिवशी बसस्टॉपजवळच्या फुलवालीनं त्यांना शेवंतीची माळ चार हात मोजून दिली. सुटे नव्हते. "राहू दे अक्का, उद्या द्या," ती म्हणाली.

"किती झाले?"

"बहात्तर."

हेमलताबाई ताठ उभ्या राहिल्या. "हे बघ, पन्नास किंवा जास्त उधार असलं तर मला सांगायला हवं. मी दिवाळखोर आहे. कोर्टाचा हुकूम आहे. आता उधार द्यायचं की नाही, तू ठरव."

फुलवालीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शेवंतीतली एक हात माळ कापून परत टोपलीत टाकली आणि आणखी एक वीत कापली.

"आता पंचेचाळीस," ती म्हणाली. "जा, बस आली."